बागेतलं तळं गळतंय? मे महिन्यात उपसू नका

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत, येऊरच्या जंगलाच्या बाजूच्या कुंपणभिंतीलगत, १४ वर्षांपूर्वी बांधलेलं सिमेंटचं लंबगोल तळं आहे. सुमारे ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, मधोमध पाऊण मीटर खोल. मार्चपासून रोज ३ सेंटिमीटर पाणी उतरतंय. कमिटीने कोटेशन मागवलंय: पावसाआधी तळं पूर्ण उपसायचं, अ‍ॅसिडने धुवायचं, वॉटरप्रूफिंग करून निळ्या टाइल्स बसवायच्या आणि मासे कुणाला तरी देऊन टाकायचे. तळ्यात बेडूक आहेत, गोगलगायी आहेत, चतुर येतात, अधूनमधून एक दिवड (पाणसाप) दिसते. गळती थांबेल आणि हे सगळे जगतील असं काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

करता येतं. ठाणे आणि नवी मुंबईत मी २२ वर्षं बागांमधली तळी बांधतोय, दुरुस्त करतोय. माझं पहिलं म्हणणं कमिटीला आवडणार नाही: मोठं काम आत्ता काढू नका, नोव्हेंबर अर्धा सरू द्या. दुसरं म्हणणं त्याहून महत्त्वाचं आहे: तळं उपसताना जो काळा गाळ निघेल तो कचऱ्याच्या गाडीत घालू नका. माशांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मासे कुणीही वाचवतं. तळ्याचा खरा संसार त्या गाळात आणि काठच्या दगडांखाली असतो, आणि दुरुस्तीत मरतो तो तोच.

आधी गळती शोधू. तुमच्या तळ्याचा पृष्ठभाग १२ चौरस मीटरच्या आसपास भरतो. ३ सेंटिमीटर उतार म्हणजे रोज साडेतीनशे लिटर पाणी. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. उरलेलं दोन-सव्वादोन सेंटिमीटर गळतीचं. खात्री हवी असेल तर एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून तळ्यातल्या पायरीवर ठेवा, आत दगड टाका म्हणजे हलणार नाही. बादलीच्या आतली पाण्याची पातळी आणि बाहेरची तळ्याची पातळी, दोन्हींवर मार्करने रेघ मारा. २४ तासांनी बघा. बादलीत जेवढं उतरलं ती वाफ. तळ्यात त्याहून जेवढं जास्त उतरलं ती गळती.

तुमच्या फोटोत छोटा धबधबा दिसतोय. आधी त्याचा पंप एक दिवस बंद ठेवून उतार मोजा. पंप बंद असताना उतार फक्त वाफेइतकाच राहिला तर तळं ठणठणीत आहे, गळती धबधब्याच्या दगडांत किंवा पाइपच्या सांध्यात आहे, आणि मग तळं उपसायची गरजच नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी तळ्यांमध्ये एवढंच निघालं. फक्त उन्हाळ्यात पंप बंद ठेवायचा तर पहाटे एक चक्कर मारा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय, पंप लगेच सुरू करा.

पंप बंद असतानाही पाणी उतरत असेल तर त्याला उतरू द्या. भर घालू नका, फक्त लक्ष ठेवा. पाणी ज्या पातळीला येऊन थांबेल, भोक त्या पातळीला आहे. तिथे तळ्याच्या कडेने गोल फिरत भिंत न्याहाळा. सिमेंटच्या तळ्यात नेहमीच्या जागा तीन: भिंत आणि तळ मिळतात तो कोपरा, पाइप किंवा लाइटची वायर भिंतीतून जाते ती जागा, आणि काठाचा वरचा वीतभर पट्टा. संशयित भेगेजवळ ड्रॉपरने अगदी थोडं दूध हळूच सोडा. पाणी स्थिर असेल तर दुधाची पांढरी रेघ भेगेत ओढली जाताना डोळ्यांनी दिसते. चमचाभर पुरे. लोक वाटीभर ओततात, मग ते पाण्यात नासतं.

पाणी २०-२५ सेंटिमीटर उतरून थांबलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. भोक वर आहे आणि खाली अर्ध्याहून जास्त तळं शाबूत आहे. बेडकांना अंडी घालायला उथळ पाणीच आवडतं. या पावसाळ्यात तळं त्या पातळीवर राहिलं तरी कुणाचं अडणार नाही. भेग हाताला लागत असेल तर पाण्याखाली चालणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मिळते. कणकेसारखी मळून ती भेगेत दाबली की सहा-आठ महिने निभावतं. ही कायमची दुरुस्ती नव्हे, हे कमिटीला आधीच सांगून ठेवा.

एका बाबतीत मात्र माझा नोव्हेंबरचा आग्रह मी सोडतो. तळं पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर असेल आणि खाली ठिबकत असेल, तर थांबून चालत नाही. स्लॅबमधली सळई गंजते, काँक्रीट फुगून खपल्या पडतात. तिथे सगळ्यांना तात्पुरत्या टाकीत हलवून काम लगेच करावं लागतं. तुमचं तळं जमिनीवर आहे, म्हणून तुमच्याकडे वेळ आहे.

आता मे का नको ते सांगतो. आपल्याकडे वॉटरप्रूफिंगवाल्यांचा हंगाम एप्रिल-मे असतो, गच्च्या तेव्हाच होतात, म्हणून तळंही त्याच यादीत जातं. पण तळ्यातल्या जिवांचा हा सगळ्यात कठीण काळ. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. तात्पुरत्या टाकीतलं थोडं पाणी मेच्या दुपारी त्याहून तापतं. मासे तिथेच दगावतात. शिवाय याच दिवसांत बरेच बेडूक आणि भेक (खडबडीत कातडीचे बेडूक) काठच्या ओलसर मातीत, दगडांच्या सांदीत, कुंड्यांखाली दडून पावसाची वाट बघत असतात. काठ फोडायला घेतला की पहिली पहार त्यांच्यावर पडते.

आणि काम जूनपर्यंत लांबलं तर त्याहून वाईट. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बेडूक पाण्यावर येतात. भेकाची अंडी काळ्या मण्यांच्या लांब माळेसारखी झाडांच्या देठांना गुंडाळलेली दिसतात. येऊरच्या पायथ्याला सोनबेडूक असेल तर त्याचे नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात. पावसाच्या वाऱ्याबरोबर पिवळसर भटके चतुर थव्यांनी येतात आणि साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारी जात ती हीच. त्यांची पाण्यातली पिल्लं पाच-सहा आठवड्यांत मोठी होऊन उडतात. बेडूकमाशांना पाय फुटून बाहेर पडायला जातीप्रमाणे एक ते दोन महिने लागतात. ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेकांचं आटपतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस नाही, पाणी गार, सिमेंट सुकायला हवा चांगली. दुरुस्तीचे दिवस हे.

मेमध्ये घाई केल्याची किंमत मी स्वतः बेडकांना मोजायला लावली आहे, माझ्याच हाताने. सुरुवातीच्या वर्षांत नेरूळला एका बंगल्याचं तळं मेअखेर गिलावा करून दिलं. मालकांनी कौतुक केलं. आठ दिवसांत मोठा पाऊस झाला, रात्रभर बेडूक ओरडले, तळं अंड्यांनी भरलं. पुढच्या आठवड्यात गेलो तर सगळे बेडूकमासे तळाशी मरून पडलेले. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ म्हणजे मध्यम) १२ च्या पुढेही जाऊ शकतो. बेडकांना तळं नवं आहे की जुनं हे कसं कळणार? पाणी दिसलं, ते आले. तेव्हापासून मी मेमध्ये तळ्याला सिमेंट लावत नाही.

नवी मुंबईच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. वाशी, ऐरोली अशा खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी खूप वर असतं. अशा वेळी तळं रिकामं केलं तर खालचं पाणी तळ्यातल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या अस्तराला फुग्यासारखं वर उचलतं, आणि फायबरचं तयार तळं असेल तर ते अख्खं उचललं जातं. तिथे पावसाळ्यात तळं उपसणं हे तळ्यासाठीच धोक्याचं.

नोव्हेंबरमध्ये काम काढाल तेव्हा भेग बुजवण्याआधी ती का पडली ते बघा. १४ वर्षं टिकलेलं तळं उगाच फुटत नाही. आपल्याकडे पहिला संशय घुशींवर. त्या काठाखालून बिळं करतात, माती पोकळ होते, वरचा काठ खचतो. काठाभोवती मातीचे ताजे ढीग, बोटाने दाबल्यावर आत जाणारी जमीन, या खुणा. दुसरा संशय मुळांवर. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं रोप काठाच्या फटीत रुजतं आणि कुणी बघेपर्यंत भिंत फाकवतं. ते वरून कापून उपयोग नाही, मुळासकट काढावं लागतं. घुशींच्या बिळात १२ मिलिमीटर भोकांची जाड वेल्डमेश जाळी आडवी घालून वर काँक्रीट करा. विषाच्या गोळ्या टाकू नका. येऊरची घुबडं आणि धामणी तीच घूस खाऊन मरतील.

भेग अजून हलते आहे का हेही आत्ताच तपासायला घ्या, तेवढे महिने हाताशी आहेत. पाण्याच्या वरच्या भागात भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवा आणि तारीख लिहा. नोव्हेंबरपर्यंत काच तडकली तर जमीन खचतेच आहे. मग गवंडीकाम कितीही चांगलं केलं तरी पुन्हा फुटेल. तिथे लवचिक अस्तर हाच उपाय. काच शाबूत राहिली तर भेग बुजवून भागेल.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. तळं ८-१० मीटरचं असतं तर मी मधोमध वाळूच्या गोण्यांचा बांध घालून अर्धं अर्धं करा म्हटलं असतं. तुमच्या मापात बांधच अर्धी जागा खाईल. त्यामुळे तात्पुरती टाकी करा. इमारतीच्या सावलीत, उत्तरेच्या अंगाला, सुट्ट्या विटांचा २ मीटर बाय सव्वा मीटरचा चौक रचा, ४५ सेंटिमीटर उंच, आत जाड ताडपत्री. हजार लिटरच्या वर पाणी मावतं. बाजूने विटा मातीच्या गोण्यांनी रेटून घ्या, नाहीतर पाण्याच्या भाराने भिंत उघडते. त्यात तळ्याचंच पाणी भरा, नळाचं नाही. तळ्यातल्या दोन-तीन कुंड्या, थोडा हायड्रिला (पाण्यातली वनस्पती), लपायला कौलांचे तुकडे ठेवा. मत्स्यालयाचा हवेचा पंप लावा. फिल्टरचा स्पंज त्याच टाकीत बुडवून ठेवा. तो नळाखाली धुतला तर माशांची घाण पचवणारे जिवाणू क्लोरीनने मरतात आणि ते पुन्हा नीट वाढायला चार ते सहा आठवडे जातात.

टाकीवर बारीक जाळी हवी, ताणून आणि कडेने दाबून. ढोकरी आणि खंड्या पहिल्याच सकाळी हजर होतात, मांजर रात्री. दुसरं कारण डास. नव्या साचलेल्या पाण्यात डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, आणि महापालिकेचे आरोग्य कर्मचारी तुम्हाला जाब विचारतील ते बरोबरच असेल. मच्छरदाणीच्या कापडाने दोन्ही कामं होतात. सैल, मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी मात्र नको. तिच्यात दिवड अडकते आणि सुटायच्या धडपडीत स्वतःला कापून घेते.

पाणी उपसताना पंप थेट तळ्यात सोडू नका. भाजीच्या प्लास्टिक क्रेटला सगळ्या बाजूंनी मच्छरदाणीचं कापड गुंडाळा आणि पंप त्याच्या आत ठेवा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय घालायचा नाही, मासे काढायलासुद्धा नाही. उपसलेलं पाणी झाडांना द्या, उत्तम खत आहे. गटारात सोडू नका, कारण त्यातून गप्पी, चिलापी किंवा जलपर्णीचे तुकडे नाल्यात आणि पुढे खाडीपर्यंत जातात. दोन दिवसांत हळूहळू उतरवा. पाणी उतरतं तसे बरेच प्राणी स्वतःच खोल भागाकडे सरकतात. शेवटचं १५ सेंटिमीटर पाणी पंपाने काढायचं नाही. तिथे बादल्या, मऊ जाळ्या आणि माणसं. सोसायटीतली मुलं इथे खरंच उपयोगी पडतात, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

बेडूक धरायचा तर हात तळ्याच्या पाण्याने ओले करून. हाताला डासांचं मलम, सनस्क्रीन, साबण काहीही नको. त्याची कातडी श्वास घेते, हातावरचं सगळं आत शोषते. बेडूक सापडले म्हणून पिशवीत घालून येऊरच्या जंगलात किंवा उपवन तलावात सोडायला जाऊ नका. चांगल्या मनाने केलेली ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात जातो, आणि सोडलेला प्राणी अनोळखी जागी बहुधा टिकत नाही. त्यांना बागेतच राहू द्या. तळ्यापासून दहा पावलांवर ओला पालापाचोळा, फुटकी कौलं आणि लाकडाचे ओंडके असा ढीग रचा, बेडूक आणि भेक आपणहून तिथे जातात.

काठचे दगड उचलताना गमबूट आणि हातमोजे, आणि दगड आधी लोखंडी आकड्याने उलटा करा. दिवड बिनविषारी आहे, पण येऊरच्या बाजूला घोणस आणि नागही असतात आणि थंडीत दगडाखालची ऊब त्यांनाही हवी असते. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. तळ्यात कुणी गुपचूप कासव सोडलं असेल तर नीट बघा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते अमेरिकेतलं पाळीव कासव, ते कुठल्याही तलावात सोडायचं नाही. मऊ पाठीचं, पोटाच्या झडपांखाली पाय ओढून घेणारं देशी कासव असेल तर ते पाळणं गुन्हा आहे. दोन्ही वेळी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

आता गाळ. वरवर बघितलं तर दुर्गंधी येणारा काळा चिखल. त्यातला ओंजळभर पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन पाणी घाला आणि दोन मिनिटं थांबा. चतुराची पिल्लं चालू लागतात, टाचणीची (चतुराच्या नाजूक भावंडाची) पिल्लं शेपटीचे तीन पंख हलवत पोहतात, छोट्या गोगलगायी, पाणविंचू, लाल अळ्या. डासांच्या अळ्या खाणारी फौज ती हीच. कमिटीला हा ट्रे दाखवा. माझ्या अनुभवात कोटेशनवरचं मत बदलायला याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

सगळा गाळ परत घालायची गरज नाही. १४ वर्षांचा थर जाड असणार, आणि तो काही प्रमाणात काढणंही आवश्यक आहे, नाहीतर सडून ऑक्सिजन खातो. वरचा बोटभर थर, जो तपकिरी आणि हलका असतो, तो दोन-तीन मोठ्या टबांत पाण्यासह काढून घ्या आणि सावलीत ठेवा. खालचा काळा घट्ट गाळ टबाच्या काठावर तिरक्या फळीवर पसरा, रात्रभर ओला ठेवा. जे जिवंत आहे ते उताराने सरकत पाण्यात जातं. उपटलेल्या पाणवनस्पतींचंही तसंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेला गाळ बागेतल्या झाडांना घाला. फळीचा उतार टबातच उतरतोय ना, एवढं बघा. मी एकदा रिकाम्या तळ्याच्या काठावर ढीग घातलेले पाहिले होते. सकाळी सगळी पिल्लं कोरड्या सिमेंटवर वाळून गेलेली.

दुरुस्तीच्या दोन वाटा. भेग स्थिर असेल तर ती छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडायची, दीड-दोन सेंटिमीटर खोल, सैल खपल्या काढून ब्रशने साफ करायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायची. भिंत-तळाच्या कोपऱ्यात गवंड्याकडून नीट वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारून घ्या. काटकोनी कोपरा सोडला की पुढची भेग तिथेच पडते. मग सगळ्या तळ्याला सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी. डब्यावर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी चालणारं असं लिहिलेलं असायला हवं. डांबर नको, बुरशीनाशक मिसळलेलं काही नको. साफसफाईला अ‍ॅसिड नको, ब्लीचिंग पावडर नको, शेवाळासाठी मोरचूद तर मुळीच नको. तांबं गोगलगायी आणि बेडूकमासे दोघांनाही मारतं आणि गाळात साचून राहतं. घासायला तारेचा ब्रश आणि पाणी पुरतं.

कोटिंग झाल्यावर निदान ७ दिवस क्युरिंग, मग पाणी भरून ३-४ दिवस ठेवायचं आणि ते काढून टाकायचं. असं तीनदा. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच मोजायचं किट मिळतं. भरलेलं पाणी दोन दिवस तसंच राहूनही पीएच साडेआठच्या आत थांबला, आणि पुढचे तीन दिवस तिथेच राहिला, तरच जीव आत. सगळं धरून पाच-सहा आठवडे जातात. गवंडी म्हणेल, तिसऱ्या दिवशी मासे सोडा. त्याचं ऐकू नका. पीएच वाढला की माशांच्या विष्ठेतला अमोनियाही जास्त विषारी होतो, म्हणजे मार दोन्हीकडून.

दुसरी वाट अस्तराची, आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी तीच. १ मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबर, त्याखाली जिओटेक्स्टाइल कापड. लांबी काढायची तर तळ्याची लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन्ही काठांवर ३०-३० सेंटिमीटर: ५ अधिक दीड अधिक ०.६, म्हणजे ७.१ मीटर. रुंदी त्याच हिशोबाने ५.१ मीटर. चुना नाही, वाट बघणं नाही, आठवड्याभरात सगळे घरी. शेततळ्यासाठी ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक मिळतं, ते स्वस्त आहे, पण ताठ असल्याने वळणावर घड्या पडतात आणि उघडा राहिलेला भाग उन्हाने कडक होतो. अस्तर घालणार असाल तर घुशींची जाळी आधी, आणि पाणकणीस तळ्यात मोकळं लावायचं नाही. त्याचे टोकदार कंद अस्तर भोसकतात. वेखंड, ब्राह्मी, कुमुदिनी कुंडीत लावा.

टाइल्स नकोतच. गुळगुळीत भिंतीवर शेवाळ नीट धरत नाही, आणि नखभर बेडूकपिल्लू चढू शकत नाही, पाण्यात दमून बुडतं. कोटेशनमधले टाइल्सचे पैसे काठावर घाला. एका बाजूला तळापासून काठापर्यंत काळ्या दगडांचा ओबडधोबड उतार करा, निदान अर्धा मीटर रुंद. खारी आणि पक्षी तिथे पाणी प्यायला उतरतील, पडलेली पाल किंवा चिचुंद्री तिथून वर येईल.

भरताना टाकीतलं आणि टबांतलं जुनं पाणी आधी, मग नवं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ड्रममध्ये उघडं ठेवून दोन दिवसांनी ओता, किंवा मत्स्यालयाच्या दुकानातली क्लोरीन मारणारी हायपोची खडी वापरा. टँकर असेल तर पाणी कुठलं ते विचारा. खाडीजवळच्या बोअरचं खारं पाणी बेडकांना चालत नाही. मासे शेवटी, बादली तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवून. आणि मासे सोडताना मोजून सोडा. कोई आणि गोल्डफिश बेडकाची अंडी, पिल्लं सगळं खातात. बेडूक हवेत तर मासे थोडे आणि लहान.

कमिटीत डासांचा मुद्दा नक्की निघेल. उत्तर सरळ आहे: डास बादल्यांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीवरच्या टायरमध्ये होतात, जिथे त्यांना खाणारं कुणी नसतं. रिकामं करून पुन्हा भरलेलं, निर्जीव, टाइल्सचं तळं पहिल्या महिन्यात तसंच असतं. आणि सोसायटीचे दीड दिवसाचे गणपती तळ्यात विसर्जन करत असाल तर यंदापासून बाजूला वेगळा ड्रम ठेवा. शाडूचीही माती पाण्यात पसरून बेडूकमाशांच्या कल्ल्यांत जाते, आणि भाद्रपदात ते अजून पाण्यातच असतात.

या जूनसाठी एकच काम. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर किंवा तळ्याच्या भिंतीवर पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा करून त्यात अंडी घालतो, पिल्लं तिथून खाली पाण्यात पडतात. सफाईवाल्या मावशींना तो साबणाचा फेस वाटतो आणि त्या पुसून टाकतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांना एकदा फोटो दाखवून ठेवा.